टायर कुठून खाल्ला?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. विडी कामगार महिलांच्या सहकारी वसाहतीतील दहा हजार घरांचे हस्तांतरण येथे २००६ साली झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगर या नव्या वसाहतीतील पंधरा हजार घरांचा ताबा असंघटित कामगारांना मिळाला. एवढ्या माणसांचा बाजार, दवाखाना, कॉलेज, पुष्कळांचे कामही सोलापुरात. त्यामुळे रिक्षा, एस.टी., दुचाकी आणि टेम्पो यांची ये-जा मोठी. उसाच्या हंगामात त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची भर पडते.

अशा रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानापुढे जुन्या टायरांचा ढीग असतो. तो जरा निरखून पाहावा. सगळीकडून सारखा झिजलेला टायर त्यात क्वचितच सापडेल. एकाची आतली कड गुळगुळीत, तर बाहेरच्या कडेची नक्षी अजून शाबूत. दुसऱ्याचा मधला पट्टा गेलेला. तिसऱ्यावर हाताला जाणवतील असे खळगे. मिस्त्री याला ‘टायर खाणे’ म्हणतात. ‘आतून खाल्लाय’, ‘बाहेरून खाल्लाय’ असे दोन शब्दांत ते निदान सांगतात. ज्याचा टायर खाल्ला जातो त्याची दुसरी तक्रार बहुधा ठरलेली असते: गाडी अमुक वेगाच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरते. टायर अर्ध्या आयुष्यात बदलावा लागणे हा रिक्षावाल्याच्या घरखर्चाला बसणारा फटका आहे, आणि थरथरणारे पुढचे चाक हा त्याच्यासह तीन-चार प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे.

चाक गोल असते आणि ते गडगडते. मग ते एका बाजूनेच का झिजावे? कारण चाक जमिनीवर अगदी ताठ आणि अगदी सरळ उभे नसते. गंमत अशी की ते तसे नसावे हे माणसानेच बऱ्याचदा जाणूनबुजून ठरवले आहे. या तिरपेपणाचा इतिहास पावणेतीनशे वर्षे तरी मागे नेता येतो, आणि त्याची सुरुवात रबरापासून नव्हे, लाकडापासून होते.

लाकडी चाक म्हणजे मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र लाकडी तुकडे आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम थोडी लहान करतात, तापवून लाल करतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. किती फरक पडतो हे वर्गात काढता येईल. लोखंडाचा परीघ सव्वाचार मीटर धरला आणि तापमान ५०० अंश सेल्सियसने वाढले, तर लांबीत सुमारे २५ मिलिमीटरची वाढ होते. थंड होताना ही इंचभर आवळणी चाकाचे सगळे सांधे घट्ट करते.

युरोपातले गाडे बनवणारे सुतार आणखी एक गोष्ट करत. ते चाक सपाट न करता बशीसारखे खोलगट करीत. घोडा चालताना गाडा डावी-उजवीकडे हेलकावतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला भार चाकाला आडवा ढकलतो. सपाट चाकाचे आरे अशा आडव्या धक्क्याने ढिले होतात. बशीच्या आकाराचे चाक कमानीसारखे त्याला तोंड देते. पण चाक खोलगट केले की खालचा आरा तिरपा होतो, आणि ओझे तर त्याच आऱ्यावर येते. म्हणून आसाची टोके किंचित खाली वाकवली गेली, म्हणजे निदान खालचा आरा उभा राहावा. परिणामी अख्खे चाक वरच्या बाजूला बाहेर कलले. आजच्या मोटारीच्या पुढच्या चाकाच्या अशा कलाला मिस्त्री ‘कॅम्बर’ म्हणतात. मोटार जन्माला येण्याच्या शंभरावर वर्षे आधीपासून तो गाड्यांत होता.

धाव अरुंद होती तोवर कुणाचे काही बिघडले नाही. १७५३ साली ब्रिटिश पार्लमेंटने रस्ते वाचवण्यासाठी कायदा केला आणि जड गाड्यांना नऊ इंच रुंद चाके लावायला भाग पाडले. कल्पना साधी होती: रुंद चाक म्हणजे रस्त्यावर फिरणारा रूळ, त्याने रस्ता दाबला जाईल, खणला जाणार नाही. पण कललेल्या चाकाची नऊ इंच रुंद धाव जमिनीला पूर्ण टेकवायची तर तिला शंकूचा आकार द्यावा लागतो. आतल्या कडेचा व्यास मोठा, बाहेरच्या कडेचा लहान. आता हिशोब करू. समजा आतला व्यास १५० सेंटिमीटर आणि बाहेरचा १४५. एका फेऱ्यात आतली कड ४७१ सेंटिमीटर जाऊ पाहते, बाहेरची ४५५ च्या आसपास. दोन्ही कडा एकाच लाकडाच्या! तेव्हा दर फेऱ्याला एखादी कड तरी जवळपास १६ सेंटिमीटर घासत जाणारच. रस्ता दाबणारे चाक प्रत्यक्षात रस्ता दळत होते. गाडीवानांनीही शक्कल लढवली. धावेचे तीन पट्टे करून मधला पट्टा थोडा उंच ठेवला, म्हणजे कायद्याला नऊ इंच आणि जमिनीला तीनच.

हे दळण प्रथम नीट दाखवून दिले ते अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या स्कॉटिश घड्याळजीने, १७९७ मध्ये. (संडासच्या भांड्याखालच्या वळणदार नळीतले पाणी दुर्गंधी अडवते, त्या नळीचे १७७५ सालचे पेटंटही याच गृहस्थांचे.) शंकू सरळ रेषेत गडगडत नाही, त्याला सरळ ओढले की तो घासतो, हे त्याचे म्हणणे. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा ढकलून पाहा, तो वर्तुळात फिरतो. त्याला पट्टीने सरळ रेषेत जायला भाग पाडा, कड घासल्याचा आवाज येईल. आतून किंवा बाहेरून खाल्लेल्या टायरची सगळी कथा या पेल्यात आहे. कललेले रबरी चाक जमिनीवर दाबले गेले की शंकूच्या चकतीसारखे वागते. ते कलाच्या दिशेला वळू पाहते, पण आस त्याला सरळ नेतो.

हाच दोष आगगाडीच्या चाकात गुण ठरला, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली आणि १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोचला. आगगाडीची दोन चाके एकाच आसावर पक्की बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाने जास्त अंतर जायचे कसे? उत्तर पुन्हा शंकूच. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर पट्ट्यांवर सोडा. जोडी एका बाजूला सरकली की तिकडचा पेला मोठ्या व्यासावर आणि इकडचा लहान व्यासावर चालू लागतो, आणि जोडी आपोआप मध्याकडे वळते. पेले बुडाला बूड लावून चिकटवले तर मात्र ती लगेच घसरते. मात्र जोडी मध्याकडे वळताना थोडी पुढे जाते, मग परत फिरते; म्हणजे नागमोडी चालते. या नागमोडीची लांबी कशी काढावी ते १८८३ मध्ये क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने सांगितले. आपल्या रुंदमापी मार्गासाठी, सुमारे ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक आणि विसात एक असा उतार धरला, तर ती साधारण १८ मीटर येते. वेग वाढला की ही डोलणी दर सेकंदाला अधिक वेळा होते, डबा हिंदकळतो आणि चाके झिजतात. कंपन आणि झीज ही दोन वेगळी दुखणी नाहीत, हे येथे प्रथम स्पष्ट दिसते.

मोटारीकडे वळू. जुन्या बग्गीचा पुढचा आस मधल्या एका खिळ्याभोवती अख्खा फिरत असे. म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१६ च्या सुमारास आस जागीच ठेवून फक्त त्याची टोके वळवण्याची युक्ती काढली. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे. नाहीतर एक चाक घासत जाणार. लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतले ते त्याचा तिथला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने. हा आकरमान चित्रे आणि पुस्तके छापून विकणारा प्रसिद्ध दुकानदार होता. आज जगभरच्या गॅरेजात या रचनेला त्याचेच नाव आहे, आणि लांकेनश्पेर्गर कुणाला ठाऊक नाही! कार्ल बेन्झ याने १८८६ च्या आपल्या पहिल्या मोटारीत हा प्रश्न पुढे एकच चाक ठेवून टाळला. आपली ऑटोरिक्षा आजही तेच करते.

मोटारीने बग्गीकडून चाकाचा कलही वारशाने घेतला. त्याला नवी कारणेही मिळाली. रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते होते. शिवाय चाक कलले की ते जमिनीला टेकते ती जागा वळणाच्या खिळ्याच्या, म्हणजे किंग पिनच्या, रेषेजवळ येते आणि स्टिअरिंग हलके होते. पण बाहेर कललेली दोन्ही चाके पेल्याप्रमाणे बाहेरच पळू पाहतात. त्यावर उपाय म्हणून दोन्ही चाकांची पुढची तोंडे किंचित आत वळवली गेली. याला ‘टो-इन’ म्हणतात. एका तिरपेपणाची भरपाई दुसऱ्या तिरपेपणाने! जुन्या गाड्यांत ही भरपाई बरीचशी अंदाजाने चाले, आणि आमच्या मते असमान झिजेची बहुतेक प्रकरणे या भरपाईचा तोल बिघडण्यातून निघतात. एखाद्या खड्ड्यात चाक आदळले, टाय रॉड जरासा वाकला किंवा त्याचा सांधा ढिला झाला की पुरे.

‘जरासा’ म्हणजे किती? समजा ३५ सेंटिमीटर व्यासाच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांवर दोन्ही चाकांमधले अंतर मोजले आणि त्यात असायला हवा त्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त फरक आढळला. ही चूक दोन चाकांत वाटली तर प्रत्येक चाक पाव अंशाच्या आसपास वाकडे आहे. डोळ्यांना ते दिसणारही नाही. पण असे चाक दर किलोमीटरला ४ मीटरपेक्षा थोडे अधिक आडवे ओढले जाते. कुंभारी ते सोलापूर दहा किलोमीटर धरले तर एका खेपेला चाळीस-बेचाळीस मीटर. कुणी टायर हातात धरून डांबरी रस्त्यावर चाळीस मीटर आडवा घासत नेला तर आपण त्याला वेड्यात काढू. रोज चार खेपा करणाऱ्या टेम्पोचा टायर मात्र तेच सोसतो. (प्रत्यक्षात रबर थोडे मुरडते आणि ही ओढ काही अंशी पोटात घालते, तरी झीज टळत नाही.) अशा टायरवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागतो, उलट दिशेने करवतीसारखा. कलामुळे झिजलेल्या टायरची एक कड नुसती गुळगुळीत होते, तिला अशी धार सहसा नसते. हवा कमी असेल तर दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला पट्टा.

हवेचा टायर ही आणखी एक गोष्ट. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने त्याचे पेटंट १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो नव्याने शोधला. रबराने धक्के कमी केले. त्याचबरोबर चाक आणि रस्ता यांच्या मध्ये एक स्प्रिंग आणून बसवली. स्प्रिंग आली की डोलणे आले.

त्याचा प्रत्यय १९२० नंतरच्या दशकात आला. फायरस्टोन कंपनीने १९२३ साली कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर बाजारात आणले, आणि त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. गाड्या मऊ चालू लागल्या, पण विशिष्ट वेगाला पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडू लागली. अमेरिकेत त्या काळी ‘शिमी’ नावाचा खांदे थरथरवण्याचा नाच गाजत होता, तेच नाव या दुखण्याला पडले. कारण समजायला भोवरा आठवावा. फिरत्या भोवऱ्याला एका दिशेने कलते केले तर तो काटकोनातल्या दिशेला वळतो. अखंड आसाच्या गाडीचे एक चाक दगडावर चढले की सगळा आस कलतो. फिरती चाके त्याला उत्तर म्हणून बाजूला वळतात. वळल्यावर पुन्हा आस कलतो. मऊ टायर आणि पाट्यांच्या स्प्रिंगा या चक्राला जोर देतात, ब्रेकमुळे वाढलेले वजन भर घालते. वंगण, घट्ट सांधे, जादा हवा असे उपाय करून पाहिले गेले. खरा मार्ग आसाचे दोन तुकडे करण्याचा होता, म्हणजे एका चाकाचा धक्का दुसऱ्याला कळू नये. लान्चिया कंपनीने १९२२ मध्येच तशी गाडी दाखवली होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याच्या अभ्यासाच्या आधारे १९३४ च्या गाड्यांत ही रचना मोठ्या प्रमाणावर आणली.

आपल्याकडे दोन्ही प्रकार शेजारी नांदले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे निघालेल्या फियाट ११०० गाडीची पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र होती. मुंबईतच १९४७ पासून जुळवल्या जाऊ लागलेल्या जीपचा पुढचा आस मात्र अखंड होता. खडकाळ रस्त्याला तो दणकट, पण किंग पिन झिजली की अशा गाडीचे पुढचे तोंड कसे हलते ते सरकारी जीप चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरना विचारावे. बस आणि ट्रक यांचा पुढचा आस बहुधा आजही अखंडच असतो.

थरथरीचे एक कारण मात्र तिरपेपणाशी संबंध नसलेले आहे: चाकाचा असमतोल. कुंभारी या नावात कुंभार ऐकू येतो. नावाची व्युत्पत्ती हा आपला विषय नाही, पण कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मध्यापासून जरा सरकला तर तो हाताला हिसके देतो, आणि चाक जितके जोरात तितके हिसके मोठे. मोटारीच्या रिमच्या कडेवर एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजू. ताशी ४० किलोमीटरला लहान गाडीच्या चाकावर त्याचा फिरता ओढा सुमारे ८०० ग्रॅम वजनाएवढा असतो, ८० ला तो चौपट, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. त्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. टायरची हवा आणि गाडीची स्प्रिंग यांच्या मध्ये टांगलेल्या चाकाची स्वतःची नैसर्गिक वारंवारताही सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. झोक्याला नेमक्या वेळी हात लावत गेले की तो वाढतो, तसेच येथे होते. याला अनुस्पंदन म्हणतात. म्हणून थरथर एका ठरावीक वेगाला येते आणि कधी कधी त्यापुढे कमीही होते. उसळणारे चाक दर वेळी टेकताना थोडे घसरते आणि टायरवर खळगे पाडते. शॉकअब्सॉर्बर दमला असेल तर अधिकच.

वर्गात यासाठी सायकल उलटी उभी करावी. पुढचे चाक मोकळे फिरत असेल तर हळूच फिरवून सोडल्यावर ते बहुधा व्हॉल्व्ह खाली घेऊन थांबते. समोरच्या बाजूच्या आऱ्याला तारेचे वेटोळे घालत जावे. एका टप्प्यानंतर चाक कुठेही थांबू लागते. दुकानातले बॅलन्सिंगचे यंत्र याच्या एक पाऊल पुढे जाते, ते आतल्या आणि बाहेरच्या कडेचा तोल वेगवेगळा काढते. कारण स्थिर चाक तोलात असूनही फिरताना डुगडुगू शकते. रिमवर ठोकायची वजने पूर्वापार शिशाची. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींच्या चाकांवर ती बंद केली, ती गळून रस्त्यावर पडतात आणि शिसे धुळीत मिसळते म्हणून.

पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे करण्याची रीत सर्वत्र आहे. आयुष्य वाढवायला ती चांगली. पण झीज न वाचता टायर फिरवणे म्हणजे पुरावा पुसणे होय. आतून खाल्लेला टायर मागे गेला, नवा पुढे आला, आणि वाकडा टाय रॉड तसाच राहिला, तर काही महिन्यांत नवाही त्याच बाजूने जातो. आधी हात फिरवावा, मग दोरी आणि टेप घेऊन पुढच्या चाकांमधले अंतर आसाच्या उंचीवर पुढे व मागे मोजावे, मग जॅक लावून चाक वर-खाली आणि डावे-उजवे हलवून सांधे तपासावेत, आणि शेवटी टायर बदलावा. लेझरचे यंत्र नसलेल्या गावातही एवढे जमते.

राहिली उसाची टायरगाडी. डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला १९३६ साली निघाला आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी रबरी टायर देशात होऊ लागले. उत्तरेत अशा गाडीलाच ‘डनलप’ म्हणतात. ऊसतोडीच्या तळावर टायरगाडी नेहमीची. तिच्यात स्टिअरिंग नाही, कॅम्बर ठरवणारा कुणी अभियंता नाही. एक लोखंडी आस, दोन बेअरिंगे आणि वर टनांनी ऊस. भाराने आस मध्ये वाकला की दोन्ही चाके वर आत कलतात आणि आतल्या कडा जाऊ लागतात. या गाडीत थरथर जाणवण्याइतका वेग नसतो, म्हणून तक्रारही होत नाही. घासण्याचा सगळा भार बैलांच्या खांद्यावर जातो. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून ओळंबा चाकाच्या वरच्या कडेपासून सोडला आणि खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, की आस किती वाकला आहे ते दोन मिनिटांत कळते. तेच मोजमाप भरल्या गाडीवर पुन्हा घ्यावे.